मोडक्या टोकाचा टिकाव

"ती पोरगी मधी आली म्हणून आपलं सोन्यासारखं लेकरू गेलं बाई!" केशरबाई तुरीचं खोड सपकन कापत बोलली, आणि मी हातातला विळा तिच्या पायापासून वीतभर लांब मातीत फेकून मारला.

सगळ्या बाया जागच्या जागी थांबल्या. माय पलीकडच्या तुरीच्या तासातनं धावत आली.

"शाले! डोकं फिरलं का तुहं? पाय कापला असता ना तिचा!"

"कापायचाच होता. नेम चुकला."

"ऐका! तालुक्यातून भाषणाचा एक कप काय आणला, तवापासून हिची जीभ जागेवर राहीना," केशरबाई म्हणाली.

"जीभ जागेवरच है मावशी. तुमचं तोंड तेवढं सांभाळा. अक्षता मधी आली न्हाई. म्या डोळ्यानं पाह्यलं."

मायनं माझा दंड असा धरला की बोटं उमटली. "घरी चल," ती दातातल्या दातात बोलली. "मोठ्या बाबाच्या कानावर गेलं तर?"

जाऊ द्या ना. मला तेच पाहिजे होतं.

मी दैवशाला. घरात शाले. दहावीला है. मेली ती अक्षता माझ्या बाकावरची. तिला उडवून स्वतःबी बाभळीवर आदळून जागीच गेला तो हरिओम, माझा सख्खा चुलत भाऊ. आठ दिवसांत सगळ्या गावानं हरिओमसाठी रडून घेतलं. अक्षतासाठी तिची वस्ती रडली आणि मी. रडू संपल्यावर मी नुसती दात खात बसले. ज्याला धरून हाणायचं तोच मेलेला. मेलेल्याची कॉलर धरता येत न्हाई, ह्याच्याइतका राग मला दुसऱ्या कशाचा आला न्हाई.

सोमवारची पाचची शाळा सुटल्ती. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून मी शाळेसमोरच्या रस्त्याच्या खाली वाळल्या गवतातनं पाय ओढत चालले होते. अक्षता वर, पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडं, मातीकडनं. माझी नक्कल करून राह्यली होती. "आदरणीय व्यासपीठ, आणि माझी तुटकी चप्पल!" हसताना ती तोंडावर हात ठेवायची. तेव्हाबी तोंडावर हात होता.

जाफराबादकडनं दोन गाड्या आल्या. पुढं हरिओम, गाडीचं पुढचं चाक हवेत, आणि मान मागं वळवलेली. मागच्या गाडीवर राधेश्याम, त्याचा दोस्त, एका हातात मोबाईल धरलेला. "अजून उचल दाद्या, अजून!" असं ओरडलेलं मी ह्या कानांनी ऐकलं. पुढचं मी लिहीत न्हाई.

राधेश्यामनं त्याच दिवशी व्हिडिओ पुसला आणि गावभर सांगितलं, पोरगी पळत आडवी आली, तिला वाचवायला गेला म्हणून आपला भाऊ गेला. पोलीस आले तेव्हा त्यांनी मला विचारायला तोंड उघडलं, तर मोठे बाबा, म्हणजे हरिओमचे वडील साहेबराव, आडवे आले. "पोर घाबरलेली है, तिला काय इचारता?" झालं. फाट्यावर वीस फुटी फ्लेक्स लागला. हरिओम गाडीवर, डोळ्याला गॉगल, खाली शोकाकुल पोरांचे बारके बारके बावीस फोटो. वर लिहिलं होतं, काळाने घात केला. काळाला लायसन लागत न्हाई, म्हणून त्याच्या नावावर काहीबी खपवायचं! अक्षताचा त्यावर नखाएवढाबी फोटो न्हाई.

आठव्या दिवशी वस्तीत तिचं पुण्यानुमोदन झालं. आमच्या घरातनं कोणी गेलं न्हाई. मी विज्ञानाची वही परत द्यायची म्हणून संध्याकाळी एकटी गेले. कांताकाकूंनी वही घेतली, छातीला धरली आणि आत गेल्या. तातेरावकाका, अक्षताचे वडील, ओट्यावर बसलेले. ते गवंडी हैत, अर्ध्या गावाच्या भिंती त्यांच्या हातच्या. त्यांच्या मुठीत काँक्रीटचा एक ढेकूळ होता आणि ते अंगठ्यानं त्याची कड घासून राह्यले होते.

"काय है काका ते?"

"माही चूक है बाई."

मला कळंना. काकू आतनंच बोलल्या, "ब्रेकरचा तुकडा है. रस्त्याच्या कडंला सापडला. भाकरीला हात लावीनात, तेच धरून बसत्यात."

मागच्या उन्हाळ्यात बालवाडीतल्या एका पोराला टेम्पो घासून गेला, तेव्हा काकांनी उरलेलं सिमेंट आणि खडी आणून शाळेसमोर स्वतः ब्रेकर बांधला होता. एकट्यानं, एका रविवारी. लोक हसलेबी होते.

"दिवाळीच्या टायमाला मी जुन्या जालन्यात कामावर गेल्तो," काका म्हणाले. "दीड महिन्यानं आलो तर सगळं सपाट. साहेबरावअण्णा म्हणले, तात्या, कच्चं काम केलं तू, डंपरनी धुऊन नेलं. बराबरच असंल. सिमेंट कमी पडलं माहं. लोकाच्या भिंती ठणठणीत बांधल्या, आन पोरीच्या रस्त्याला हात आखडला. ब्रेकर टिकला असता तर पोरगं थांबलं असतं ना? तर थांबलं असतं."

मी उठले आणि उकिरड्यामागं जाऊन ओकले.

कारण मला माहीत होतं. ब्रेकर धुऊन गेला नव्हता. तो उपटला होता, आणि उपटायला टिकाव मी दिला होता.

दिवाळीची सुट्टी. भर दुपार. सगळं गाव कापूस वेचायला रानात, गल्लीत कुत्रं सुद्धा न्हाई. हरिओमदादा आणि राधेश्याम आमच्या दारात आले.

"शाले, काकाचा टिकाव दे जल्दी. त्या तात्याच्या ब्रेकरमुळं गाडी उचलता येईना, सगळं रील खराब व्हऊन राह्यलं."

"मला काय देशील?"

"जाफराबादला गाडीवर नेतो. पाणीपुरी."

मी दिला. वर शाळेच्या भिंतीवर बसून पाह्यलं, टाळ्यासुद्धा वाजवल्या. तीन तास ते दोघं घामाघूम. टिकावाचं टोक ठण्ण करून मोडलं तेव्हा मी पोट धरून हसले. मंग राधेश्यामनं त्याच्या घरचा घण आणला. ब्रेकरला दोनचार खिंडी पडल्या, पुढचं डंपरच्या चाकांनी पंधरा दिवसांत केलं. मी दोन प्लेट पाणीपुरी खाल्ली. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, टोक कोणी मोडलं म्हणून घर डोक्यावर घेतलं, तर मी म्हणले मला काय माहीत.

उकिरड्यामागं उभी राहून मी ठरवलं. हरिओम हाती लागत न्हाई. राधेश्याम लागतो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबांनी बोलावणं पाठवलं. मोठी आई, दुर्गाबाई, भिंतीकडं तोंड करून पडलेली. राधेश्याम पांढऱ्या शर्टात दारातच बसलेला, घरचा झाल्यासारखा.

"उद्या दहाव्याला फाट्यावर शोकसभा है," मोठे बाबा म्हणाले. आवाज पार बसलेला. आठ दिवसांत दाढी पांढरी झाली होती आणि मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. "तू बोलती चांगली. भावासाठी दोन शब्द बोल बाई."

"बोलते मोठे बाबा," मी म्हणले. "मनापासून बोलते."

मी निघाले तर राधेश्याम गोठ्यापर्यंत मागं आला.

"ती पोरगी पळत आली हे बी घाल भाषणात. तू डोळ्यानं पाह्यलंय म्हणल्यावर लोकाइला बराबर पटंल."

"अन् तू ओरडलास ते? अजून उचल, अजून?"

त्याचा चेहरा पडला, पण एकच क्षण. "आवाज खाली. मेलेल्या भावाची बदनामी करशील? आन टिकाव कोणाचा व्हता? तुह्या बापाचा. देल्ता कोणी? तू. सांग सगळं. तात्या तुह्याच तोंडावर थुंकंल पहिला."

त्याला वाटलं मी गप बसले. खरं म्हणजे मी मोजमाप घेत होते. हा आता कसा दिसतो आणि उद्या कसा दिसंल. घरी आले आणि कोपऱ्यातला टिकाव पाह्यला. टोक मोडलेलं, त्या फटीत अजून काकांच्या सिमेंटचा करडा कण अडकलेला. रात्री झोप मस्त लागली.

दहाव्या दिवशी सकाळी धुकं होतं, ज्वारीच्या पानांवरनं पाणी गळत होतं. मी वस्तीत जाऊन काका-काकूंना म्हणले, "फाट्यावर चला."

"आमचं काय काम तिथं?" काकू म्हणाल्या.

"तुमचंच काम है."

ते आले. पण सभेत न्हाई, रस्त्याच्या पलीकडं उभे राह्यले. इकडं सतरंज्यांवर सगळं गाव. पुढं बायांत मोठी आई. पोरांनी सायलेन्सरला फुंकण्या लावलेल्या गाड्या ओळीनं उभ्या केलेल्या. मी गोणपाटात गुंडाळलेला टिकाव घेऊन माईकसमोर गेले. लोकांना वाटलं हार असंल.

"आदरणीय व्यासपीठ," मी म्हणले आणि थांबले. आमच्या वंदना मॅडमनी शिकवलंय, पहिलं वाक्य बोलून थांबायचं. पण मी त्यामुळं थांबले न्हाई. मला अक्षता दिसली, तोंडावर हात ठेवलेली.

"हरिओमदादा मला लै जीव लावायचा. मला गाडीवर बसवून पाणीपुरी खायला न्यायचा."

बाया मुसमुसायला लागल्या. राधेश्यामनं डोळ्याला रुमाल लावला.

"ती पाणीपुरी कशाची होती ते सांगते." मी गोणपाट सोडलं. "ह्याची."

आणि सांगितलं. ब्रेकर, रील, भर दुपार, घण, टाळ्या. मी टाळ्या वाजवल्या हे सुद्धा. पांढरा पट्टा, अक्षताचे पाय कुठं होते ते. कोण ओरडलं ते. एकदाबी आवाज हलला न्हाई. उलट मजा येत होती, ती बी सांगून टाकते.

"खोटं!" राधेश्याम उठला. "टिकाव काय, कुठंबी मोडतो! खडकात मोडला असंल!"

तेव्हा आबा उभे राह्यले. आबा सभेत कधी बोलत न्हाईत. त्यांनी एकदा मोठ्या भावाकडं पाह्यलं, एकदा माझ्याकडं. "दिवाळीतच मोडला," ते म्हणाले. "माह्या रानात खडक न्हाई."

"शाले, खाली उतर!" मोठे बाबा ओरडले. "माह्या मेलेल्या लेकरावर चिखल फेकती? तुह्या रक्ताचा व्हता तो!"

मी उतरले. पण त्यांच्याकडं न जाता रस्ता ओलांडून तातेरावकाकांसमोर गेले आणि टिकाव त्यांच्या हातात दिला. थुंकले तर थुंकू द्या, म्हणून तोंड वर केलं.

"तुमचं सिमेंट कमी न्हाई पडलं काका. हे पाहा."

काकांनी मोडक्या टोकावरनं अंगठा फिरवला. फटीतला करडा कण नखानं काढला आणि बोटांत चोळून पाह्यला. त्यांनी माझ्याकडं पाह्यलंच न्हाई.

"किती येळ लागला?"

"तीन तास. तरी हटंना. मंग घण आणला."

"कांता," काका बायकोला म्हणाले. "तीन तास लागले त्याइला. दोन जवान पोरं." आणि खिशातला तो ढेकूळ काढून रस्त्याच्या कडेला ठेवला. मंग त्यांना रडू फुटलं. दहा दिवसांत पहिल्यांदा, असं काकूंनी नंतर सांगितलं.

इकडं मोठी आई उठली होती. तिला कोणी अडवलं न्हाई. ती सरळ राधेश्यामसमोर गेली.

"राध्या, घण कोणाचा व्हता?"

"मोठी आई, हरिओमच म्हणला की..."

"घण कोणाचा?"

"...माहा."

"दहा दिवस माह्या दारात बसून माह्या हातची भाकर खाल्ली. लेकराच्या आयुष्याला घण लावला आन भाकर खाल्ली." तिनं त्याला मारलं न्हाई. मी वाट पाहत होते, पण न्हाई मारलं. "उद्या सकाळी ब्रेकर परत बांधायला तात्याच्या हाताखाली उभा राह्य. न्हाई दिसला तर घण मी आणीन." मंग ती माझ्याकडं वळली. "आन तू माह्या दारात पाय ठेवू नको. बोलली ते बराबर बोलली. पण ठेवू नको."

ते मला लागलं. अजूनबी लागतंय. आम्ही त्यांच्या दारावरनं जातो तर ती आत जाते.

दुसऱ्या दिवशी राधेश्याम आला. तोच पांढरा शर्ट. फाट्यापासून शाळेपर्यंत डोक्यावर खडीचं घमेलं, आणि मी भिंतीवर बसलेली, दिवाळीला बसले होते तिथंच. "जल्दी जल्दी! अजून उचल, अजून!" मी ओरडले. त्यानं मान वर केली न्हाई. केशरबाईसुद्धा पाहायला आल्ती.

"शाले," काका थापीवरनं नजर न काढता म्हणाले. "दुसरं घमेलं रिकामं है."

मी उतरले. उचललं. दुपारपर्यंत माझ्या मानेत ताठा भरला आणि राधेश्याम पुढं, मी मागं, अशी आमची वरात चालली. त्यानं एकदा पाणी मागितलं. मी दिलं न्हाई. काकांनी दिलं.

संध्याकाळी ओलं काम झाकायचं होतं. मोठ्या आईनं फ्लेक्स उतरवून घ्यायला लावला होता, तो फाट्यावरच गुंडाळून पडलेला. मी पळत जाऊन आणला. "हा टाका काका! वीस फुटाचा है, पुरून उरंल. त्याच्या गॉगलावरनं जाऊ द्या सगळ्या गाड्या!"

काकांनी तो माझ्या हातातनं घेतला, नीट घडी घातली आणि काम पाहायला आलेल्या आबांकडं दिला. "लेकरूच व्हतं तेबी," म्हणाले, आणि ब्रेकरवर ओली गोणपाटं अंथरली.

काका तसे हैत. मी तशी न्हाई.

राधेश्यामला अजूनबी रोज जाफराबादला त्याच रस्त्यानं जावं लागतं. परत यायची त्याची वेळ पाचची. शाळा सुटली की मी ब्रेकरच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडं उभी राहते. तो लांबून मला पाहतो. गिअर टाकून पळायला त्याचा हात शिवशिवतो, ते मला दिसतं. पण ब्रेकर पक्का है. गाडी हळू करावीच लागते, अगदी चालल्यासारखी, आणि तेवढा वेळ त्याला माझ्या तोंडाकडं पाहावं लागतं.