मिशीवाला मासा कोणत्या पातीचा?

"आबा, तळ्यातला मासा थोरल्या पातीचा की धाकट्या पातीचा?"

प्रश्न माझा नव्हे हं! माझ्या वर्गातल्या वासंतीनं पैज लावली होती. "बकुळे, हे तुझ्या आबांना चारचौघांत विचारलंस, तर माझी रेशमी फीत तुझी." मी विचारलं. भर पंगतीत, पाहुण्यांसमोर. फीत मिळाली, पण शाळा गेली.

आमच्या देवासात राजे दोन, एकाच घराण्याच्या दोन पाती, म्हणजे शाखा. रस्त्याच्या उजव्या बाजूला थोरल्या पातीचं राज्य, डाव्या बाजूला धाकट्या पातीचं. आमचं घर उजवीकडे, आणि आबा, म्हणजे माझे वडील दत्ताजीराव, थोरल्या पातीचे हद्द-अंमलदार. माझी शाळा मात्र डावीकडे.

"त्या पातीच्या शाळेत हेच शिकवतात!" आबा कडाडले. "आषाढ लागला की शाळा बंद. थोरल्या पातीची मुलगी थोरल्या पातीतच राहील!"

अक्का, म्हणजे माझी आई, भात वाढत राहिली. मला तर रडूच कोसळलं. आम्ही नुकते कुठे अपूर्णांकांपर्यंत पोचलो होतो. अर्ध्यातच सोडायचे?

रविवारी आबा नेहमीसारखे गळ घेऊन तळ्यावर निघाले. आमिषाच्या बेडक्यांचं मडकं सांभाळायला मी. उन्हाळा सरत आलेला, तळं आटून निम्मं झालेलं, म्हणजे मोठे मासे मधल्या डोहात गोळा झालेले. आणि त्या डोहाच्या बरोब्बर मधोमध हद्द! पाण्यावर हद्द दिसावी म्हणून दोन्ही दरबारांनी मिळून एक दोर ताणला होता आणि त्याला वाळके भोपळे बांधले होते. भोपळ्यांच्या अलीकडे आमची होडी. पलीकडे धाकट्या पातीचे हद्द-अंमलदार नीलकंठराव, त्यांच्या होडीत, त्यांचा गळ टाकून. दोघं सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

"बकुळे, धर जरा," म्हणून आबांनी काठी माझ्या हातात दिली आणि तंबाखूची चंची काढली. तेवढ्यात असा हिसका बसला म्हणून सांगू! मी मडक्यावर बसले. बेडक्या होडीभर.

"पढीन!" होडी वल्हवणारा आमचा भोई ओरडला. पढीन म्हणजे अंगाला खवले नाहीत, तोंड हे एवढं आणि मिशा आबांच्या मिशांपेक्षा लांब. तीन हात लांब धूड वर आलं आणि भोपळ्यांच्या दोराखाली येऊन अडकलं. तोंड आमच्या बाजूला, शेपूट त्यांच्या.

"भोई, त्यांना सांग," नीलकंठराव त्यांच्या भोयाला म्हणाले, "शेपूट आमच्या पाण्यात आहे. मासा सोडा."

"भोई, त्यांना विचार," आबा म्हणाले, "मासा शेपटीनं जेवतो का?"

"निम्म्याहून जास्त मासा आमच्याकडे आहे!"

"मिशा आमच्याकडे आहेत!"

दोन्ही भोई निरोप पोचवून थकले. त्यांच्यामध्ये अंतर ते किती, दीड हात. शेवटी आमचा भोई त्याच्या मालवी बोलीत म्हणाला, "सरकार, फैसलो जल्दी करो, मछली थाकी गी!"

तेव्हा आबांनी होडीतच दौत काढली. मोडीत झरझर लिहिलं, मोठ्यानं वाचलं: "दोन्ही पातींच्या हद्दीवर सापडलेला कोणताही जीव, ज्या बाजूस त्याचं तोंड, त्या पातीचा. शेपूट कुठंही असो." खाली सही. वर शिक्का. कमरेला शिक्का बांधून मासे धरायला जाणारा माणूस देवासातच भेटेल.

"कोणताही जीव?" मी विचारलं.

"कोणताही! कायदा म्हणजे कायदा."

नीलकंठरावांनी मिशा बघितल्या, सुस्कारा टाकला आणि सही केली. आणि त्याच क्षणी माझ्या हातातली गळाची दोरी ढिली पडली. हाताला रग लागली होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. पढीनानं एक गिरकी घेतली. आता तोंड धाकट्या पातीत, शेपूट थोरल्या पातीत.

भोपळे डुलत होते.

"दत्ताजीराव," नीलकंठराव सात वर्षांत पहिल्यांदा थेट आबांशी बोलले, "मासा मोठा आहे. मुंडकं पाठवून देऊ का?"

घरी वांग्याची भाजी होती. आबा ताटाकडे बघत बसलेले, अक्का पदराआड हसत होती. मी होडीतून आणलेला तो कागद पाटासमोर पसरला, वर माझी नवी फीत ठेवली, उडू नये म्हणून.

"आबा, अक्का, मी ठरवलंय. सकाळी सात ते अकरा माझं तोंड फळ्याकडे असतं, आणि फळा धाकट्या पातीत आहे. म्हणजे तेवढा वेळ मी त्या पातीची, तुमच्याच सहीशिक्क्यानं. आषाढात मी शाळेत जाणार. जेवायला तोंड इकडेच आणीन."