बाईंची बडबड आणि बॅटरी

रसायनशास्त्राच्या बाईंचे कान दोन वर्षांपूर्वी एका तापात गेले. बोलणं मात्र जिथल्या तिथे राहिलं, आणि ते काही कमी नव्हतं. मग बाईंच्या भाचीने एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली चढवली आणि समोरच्याचं बोलणं ऐकून पडद्यावर लिहिणारा प्रोग्रॅम त्यात बसवला. बाई तो लॅपटॉप चाकाच्या टेबलावर ठेवून प्रयोगशाळेभर ढकलत फिरायच्या. मुलं विचारायची, पडद्यावर अक्षरं उमटायची, बाई उत्तर द्यायच्या. शाळेत कुणाचं काही अडलं नाही.

घोडं अडलं ते बॅटरीपाशी. प्रात्यक्षिक अडीच तासांचं आणि बॅटरी सव्वा तासाची. प्रयोगशाळेत जमिनीवरून वायर ओढायला सक्त मनाई होती, आणि ही मनाई खुद्द बाईंनीच पूर्वी केलेली. त्या मॉडेलची नवी बॅटरी बाजारात मिळेनाशी झाली होती. गेल्या बुधवारी लॅपटॉपने ऐन वेळी मान टाकली. मागच्या टेबलावरची मुलगी बर्नरची नळी निसटल्याचं ओरडून सांगत होती आणि बाई तिच्याकडे पाठ करून द्रावणाचा रंग समजावत होत्या. नळी दुसऱ्या मुलीने बंद केली म्हणून निभावलं. पण मुख्याध्यापक नेमके दारात उभे होते.

त्यांनी कागदावर लिहून दिलं, "पुढच्या बुधवारी मी पूर्ण वेळ बसेन. पुन्हा असं झालं, तर प्रात्यक्षिकं दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागतील. तुम्ही फळ्यावरचे तास घ्या."

बाईंना ते फार लागलं. फळ्यावर रसायनशास्त्र शिकवायचं म्हणजे पोहणं खुर्चीत बसून शिकवायचं, असं त्या आयुष्यभर म्हणत आल्या होत्या. पण हातपाय गाळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी शनिवारी भाचीला बोलावून घेतलं.

"त्यात काय एवढं, मावशी!" भाची म्हणाली. लॅपटॉपने ते इमानदारीत लिहिलं. "संध्याकाळपर्यंत दुप्पट चालवून दाखवते."

संध्याकाळी लावून पाहिलं, तर बॅटरी आधीपेक्षा दहा मिनिटं लवकर संपली. भाचीचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"काय काय बदललंस, ठकू?" बाईंनी विचारलं.

"लोकांनी नेटवर जे जे सांगितलंय ते सगळं. अकरा गोष्टी."

"एकदम?"

"वेळ कुठे आहे?"

"याच चुकीला मी नववीतल्या मुलांना शून्य देते," बाई म्हणाल्या. "अकरा बाटल्या एका भांड्यात ओतल्या, आता फेस कशामुळे आला ते कोण सांगणार? सगळं होतं तसं कर. एका वेळी एकच बदल, पंधरा मिनिटं थांबायचं, आकडा लिहायचा."

लॅपटॉप किती वॅट वीज खातोय ते एका कोपऱ्यात दिसायचं. बाईंनी वहीत रकाने आखले. हळूहळू एकेक चोर सापडायला लागला. भाचीने वीज वाचवणारे दोन प्रोग्रॅम एकदम बसवले होते, आणि एकाने लावलेलं दुसरा बदलत होता. त्यातल्या एकाला घरी पाठवलं. ब्लूटूथ विनाकारण जागं होतं, ते बंद केलं. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला. अकरापैकी चार उपाय कामाचे निघाले, बाकीचे नुसते नावाचे. रविवारी दुपारपर्यंत गाडी एक तास चाळीस मिनिटांवर आली आणि तिथेच रुतली.

"आता हात टेकले मी," भाची म्हणाली आणि चहा करायला उठली.

बाई वही घेऊन एकट्याच बसल्या. आकडा सात वॅटवर स्थिर होता. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "ठकू, माझ्यात साखर कमी घाल!" आकडा अठरावर गेला. थोड्या वेळाने परत सातवर आला. बाईंनी भुवया उंचावल्या. त्यांनी मूलद्रव्यं पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. आकडा अठरा. गप्प बसल्या. सात.

पडद्यावर ओळीने लिहिलं होतं, ठकू माझ्यात साखर कमी घाल, हायड्रोजन, हेलियम, लिथियम.

भाची कप घेऊन आली तेव्हा बाई पडद्याकडे बोट दाखवत होत्या. "हा माझंही बोलणं लिहितो?"

"खोलीत ऐकू येईल ते सगळंच लिहितो."

"मी काय बोलले ते मला वाचायचंय कशाला? मला ठाऊक असतं!"

भाचीने कप खाली ठेवला आणि पोट धरून हसली. तासभर बोलायचं तर त्यातला पाऊण तास मावशीच बोलणार, हे अख्ख्या घराला माहीत होतं. फक्त लॅपटॉपचा हिशोब करताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळ्यात जास्त बॅटरी बाईंची बडबडच खात होती.

तिने एक कळ नेमून दिली. दाबली की प्रोग्रॅम ऐकणार, पुन्हा दाबली की झोपणार. बाई बोलताना तो झोपलेला. आणि त्या वेळात काही बिनसलं तर? बाईंनी प्रत्येक टेबलासाठी एक लाल पुठ्ठा कापला. घाईचं असेल तर ओरडायचं नाही, पुठ्ठा उभा करायचा, आणि बाईंनी टेबलांकडे पाठ करायची नाही.

बुधवारी मुख्याध्यापक पहिल्या मिनिटाला येऊन स्टुलावर बसले. बाईंनी कळ दाबत, पुन्हा दाबत, टेबल ढकलत अडीच तास वर्ग चालवला. मुलं आवरायला लागली आणि बॅटरी सहा टक्क्यांवर असताना मुख्याध्यापक उठले. बाईंनी टेबल त्यांच्यासमोर आणलं. सरांना दोन शब्दांत काही सांगायची सवय नव्हती. शिस्त, सुरक्षितता, शाळेची परंपरा असं सगळं पडद्यावर उमटत गेलं. सहाचे चार झाले. "हे सगळं लक्षात घेता मला असं वाटतं की," इथपर्यंत वाचलं आणि मागच्या टेबलावर लाल पुठ्ठा उभा राहिला.

बाईंनी सरांसमोरून टेबल ओढलं आणि तडक तिकडे नेलं.

"बाई, नळी परत सैल वाटतेय," पडद्यावर आलं.

बाईंनी गॅस बंद केला, नळी काढून नवी बसवली, मुलीची पाठ थोपटली. वळल्या तोवर पडदा काळा झाला होता.

"सर, तुमचं वाक्य अर्धं राहिलं," बाई म्हणाल्या. आवाज खणखणीत होता. "आता ऐकायची सोय संपली."

सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "प्रात्यक्षिकं तुमचीच. लाल पुठ्ठे बाकीच्या प्रयोगशाळांनाही करून द्या."

बाईंना इतका आनंद झाला की पुढची दोन मिनिटं त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. वर्गाने असं काही पहिल्यांदाच पाहिलं.