अश्लेषाचा आवंढा

अश्लेषा गुरगावच्या एका खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होती. घास अडकतो म्हणून सांगणारी माणसं तिच्या खोलीत उपाशीपोटी यायची, मशीनसमोर उभी राहायची आणि ती त्यांच्या हातात पांढऱ्या, दाट बेरियमचा पेला द्यायची. "मुँह में रखिए, अभी निगलना नहीं... हाँ, अब." तो घोट घशातून पोटात कसा उतरतो ते स्क्रीनवर दिसायचं. नऊ वर्षांत तिने असे हजारो घोट पाहिले होते. आपण स्वतः कसं गिळतो, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

जानेवारीत एक बाई आली. छत्तीस वर्षांची, म्हणजे अश्लेषाच्याच वयाची. तिचा घोट छातीच्या मध्यावर थबकला आणि वेडावाकडा, बारीक होत खाली झिरपला. असा आकार म्हणजे बहुतेक वेळा कॅन्सर, हे अश्लेषाला अनुभवाने ठाऊक होतं. बाईने विचारलं, "सब ठीक है ना?"

"रिपोर्ट डॉक्टर बताएँगे," अश्लेषा म्हणाली. नियमच होता तसा.

दहाएक दिवसांनी घरी परतताना, आयएनए स्टेशनवर मेट्रो बदलत असताना, तिने सहज आवंढा गिळला आणि तो घशात कुठेतरी अडकला. तिने पुन्हा गिळला. पुन्हा तेच. सरोजिनी नगर येईपर्यंत तिने किती वेळा गिळलं याची मोजदाद राहिली नाही.

नवरा विक्रांत दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता. त्यांचं सरकारी क्वार्टर सरोजिनी नगर मार्केटच्या मागच्या बाजूला होतं. त्याला ती काही बोलली नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, उद्याच तपासून घे, आणि तेच तिला नको होतं. इतरांना रिपोर्टची वाट तरी बघता येते. आपल्याला तर डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत स्क्रीनवर दिसेल.

तिने जेवणात वरणभात वाढवला, पोळी कमी केली. वजनकाट्यावर सकाळ-संध्याकाळ उभी राहू लागली. सात वर्षांची मयुरा एकदा जेवताना म्हणाली, "आई, तू खाता खाता गळ्याला हात का लावतेस?"

"आवंढा नीट जात नाहीये गं."

"आवंढा म्हणजे?"

दिल्लीत वाढलेल्या मुलीला हा शब्द कुठून ठाऊक असणार? अश्लेषाने सांगितलं, "तोंडात काहीच नसताना आपण गिळतो ना, नुसती लाळ, तो."

मयुराने लगेच गिळून पाहिलं. मग आणखी दोनदा. "अरे यार," ती म्हणाली, "तिसऱ्यांदा जातच नाही!" आणि हसत सुटली. अश्लेषा हसली नाही. पण ते वाक्य तिच्या डोक्यात राहिलं.

मार्चच्या सुरुवातीला यादीत एक नाव आलं: अंबादास खैरनार, वय अडुसष्ट. मनमाडचे निवृत्त शिक्षक, आता मानेसरला मुलाकडे राहणारे. अंगाने काटकुळे, इस्त्रीचा शर्ट दोन मापं मोठा वाटत होता. अश्लेषाने मराठीत "या काका" म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"मराठी आहात होय! मग एक विचारू? मला बघता येईल का आत काय होतंय ते?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने काचेपलीकडच्या रेडिऑलॉजिस्ट डॉक्टर अलकनंदांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. अश्लेषाने खोलीतला मॉनिटर काकांकडे वळवला.

अंबादासकाकांनी बेरियम प्यायलं. घोट सरळ खाली गेला आणि पोटाच्या तोंडाशी येऊन थांबला. पुढचा घोट त्यावर साचला. अन्ननलिका फुगलेल्या पिशवीसारखी दिसत होती आणि खालचं टोक चोचीसारखं निमुळतं, पण कडा अगदी गुळगुळीत, त्या बाईसारख्या वेड्यावाकड्या नाहीत.

काका बघतच राहिले. "म्हणजे दारच उघडत नाहीये," ते म्हणाले. "अकरा वर्षं सगळे मला म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मी उभं राहून जेवतो, वरून तांब्याभर पाणी पितो, दोन उड्या मारतो, तेव्हा कुठे उतरतं. सून म्हणते, बाबांना सवय लागलीय. हे बघा ना, खरंच आहे की हो!"

बेरियम किती वेळ तसंच साचून राहतं ते बघायला पहिल्या मिनिटाला एक फोटो घ्यायचा होता, दुसऱ्या मिनिटाला एक, मग पाचव्या मिनिटाला. तोवर त्यांना तिथेच उभं राहायचं होतं. डॉक्टर दुसरी फाईल उघडून बसल्या.

"तुम्हाला भीती नाही वाटली, काका?" अश्लेषाने विचारलं.

"वाटली ना. पण न दिसण्याची जास्त वाटत होती." मग ते तिच्याकडे निरखून पाहत म्हणाले, "तुम्हाला पण काहीतरी होतंय. मघापासून गळ्याला हात लावताय."

सहा आठवडे जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते तिने एका अनोळखी पेशंटला सांगून टाकलं. काका वर्गात उत्तरं तपासावीत तसे एकेक विचारू लागले.

"पोळी अडकते?"

"मी खातच नाही फार."

"खाल्ली तेव्हा?"

ती आठवू लागली. परवा हॉस्पिटलातल्या एका मुलीने छोले-कुलचे आणले होते. गप्पांच्या नादात तिने दोन कुलचे खाल्ले होते. "नाही... उतरली."

"पाणी?"

"उतरतं."

"मग अडकतं काय?"

"नुसता आवंढा. काही नसतं तेव्हाच."

"बघा," काका म्हणाले. "माझं नेमकं उलटं आहे. लाळ चालते, पोळी नाही. तुमचं निराळंच काहीतरी दिसतंय. मी काही डॉक्टर नाही, पण मी तुमच्या जागी असतो तर मला बघायची फार उत्सुकता असती."

पाचव्या मिनिटाचा फोटो घेऊन ते गेले. घोट तेव्हाही अर्धा तसाच उभा होता.

त्या दुपारी अश्लेषा डॉक्टर अलकनंदांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि सगळं बोलली. त्या रागावल्या. "पागल हो क्या? छह हफ्ते!" मग त्यांनी लगेच पोटविकारांच्या डॉक्टरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ती रोज पेशंटकडून भरून घेते तो फॉर्म तिने स्वतः भरला, गर्भवती नाही म्हणून सही केली आणि गाऊन घालून मशीनसमोर उभी राहिली. सहकारी अंशुमन पेला देत होता. बेरियम इतकं बेचव असतं, हे तिला नऊ वर्षांनी कळलं.

"मॉनिटर घुमा दूँ?" त्याने विचारलं.

ती म्हणाली, "इधर घुमाओ."

तिने घोट गिळला. टाळू उचलली गेली, श्वासनलिकेचं झाकण आपसूक मिटलं आणि घोट मानेतून सुळकन खाली गेला. मागून एक लाट आली आणि उरलंसुरलं पुसून घेऊन गेली. कुठे थांबणं नाही, कुठे अरुंद होणं नाही. हे सगळं आपल्या आत दिवसभर, न सांगता चालू असतं? भीती विसरून ती म्हणाली, "एक बार और."

डॉक्टर अलकनंदा काचेमागून हसल्या. "देखने के लिए नहीं करते, मैडम. साफ है."

पोटविकारांच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात घशातून दुर्बीणही घातली. त्यातही सगळं स्वच्छ निघालं. थोडी अ‍ॅसिडिटी होती, तिच्या गोळ्या मिळाल्या. ते म्हणाले, काळजीने घशाचे स्नायू आवळतात, आणि दर दोन मिनिटांनी रिकामं गिळून बघितलं तर कुणालाही घशात गोळा आल्यासारखं वाटेल.

अंबादासकाकांचं ते दार मोकळं करायचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. त्यांना तपासणीला घेऊन आलेल्या मुलाने सांगितलं, बाबांचं वजन तीन किलोने वाढलंय.

विक्रांतला तिने दुर्बिणीच्या आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "तू मला का नाही सांगितलंस?" "मला वाटलं, सांगितलं की ते खरं होईल," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून दुर्बिणीला सोबत आला.

गोळा एकदम गेला नाही. मे महिन्यातही एखाद्या दिवशी यायचा, बहुतेक त्या छत्तीस वर्षांच्या बाईची आठवण आली की. तिच्या रिपोर्टचं पुढे काय झालं, हे अश्लेषाने तोवर विचारलंच नव्हतं. एका सोमवारी काम सुरू व्हायच्या आधी तिने कॉम्प्युटर उघडला, जानेवारीच्या यादीत ते नाव शोधलं आणि वरच्या मजल्यावरच्या कॅन्सर विभागात फोन लावला. तिकडच्या नर्सने सांगितलं, केमो चालू आहे, पातळ खिचडी जाते आता, गुरुवारी पुढच्या डोससाठी येणार आहेत.

"कितने बजे?" अश्लेषाने विचारलं.