गातानाचा फोटो

शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ एकत्र दिसले की मला किळस येते. लोक म्हणतील, बाई भारीच तुसडी दिसते. असेन. गेली कित्येक वर्षं मी गाण्याच्या कार्यक्रमांचे फोटो काढत देशभर हिंडतेय. शिलाँगच्या पावसात कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधून उभी राहिलेय, गोव्यात दारुड्यांच्या ओकाऱ्या ओलांडत स्टेजपर्यंत पोचलेय, रेल्वेच्या स्लीपर डब्यात लेन्सची बॅग उशाला घेऊन झोपलेय. त्या कशाची किळस आली नाही. किळस आली ती माझ्याच गावात, नागपुरात, पांढऱ्या सोफ्यांवर कडक इस्त्रीचे कपडे घालून बसलेल्या माणसांची.

बाहेरच्या मोठ्या कार्यक्रमांत आमच्यासाठी एक नियम असतो. फोटोवाल्यांना पहिली तीन गाणी स्टेजच्या अगदी पुढ्यात उभं राहू देतात, मग हाकलतात. जे टिपायचं ते तेवढ्यात टिपा. आमच्याकडे सगळं उलटं. गाणं चालू असतं तेव्हा फोटोवाला मागे चहा पितो आणि सत्कार सुरू झाला की धावत येतो. त्याला बोलावलेलंच असतं शालीसाठी. गाण्याचा फोटो काढ म्हणून कुणी सांगत नाही, म्हणून तो काढत नाही.

तुळसामावशीचा गातानाचा एकही फोटो नव्हता, तो यामुळेच.

मावशी आमच्या इंदोरा वस्तीतल्या गल्लीतली, चार घरं पलीकडची. पन्नास वर्षं भीमगीतं गातेय. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, वर्धा, जिथे जयंती तिथे ती. कधी एसटीने, कधी ट्रकच्या मागे ढोलकी मांडीवर घेऊन. हिंडण्याचं वेड मी पहिल्यांदा पाहिलं ते तिच्यात. तिच्या घरची एक अख्खी भिंत फोटोंनी भरलेली आहे. प्रत्येक फोटोत मावशी शाल पांघरून, हात जोडून, तोंड मिटून उभी. शेजारी कुणीतरी पुढारी, कॅमेऱ्याकडे बघून दात काढणारा. पुढारी बदलत गेले, मावशीचे केस पांढरे होत गेले, तोंड मात्र मिटलेलं ते मिटलेलंच. नवीन माणसाला वाटावं, ही बाई मुकी असूनही हिचा एवढा सत्कार कशाबद्दल?

या हिवाळ्यात तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी तेव्हा गुवाहाटीत होते. मावशीच्या मुलाचा, संघपालचा फोन आला. तिच्या गाण्याला ढोलकी तोच वाजवतो. तो बोलता बोलता रडायला लागला, तेव्हा मावशीने त्याच्या हातातून फोन घेतला.

"अपेक्षा, मंगळवारी माहा गळा कापून राहिले वं," ती म्हणाली. आवाज खरखरीत झाला होता. "शनिवारी शेवटचा प्रोग्राम आहे. डॉक्टरनं एकच गाणं गा म्हटलं. तू ये, अन् माहा गातानाचा फोटो काढून दे. नातवायनं पाह्यलं पाह्यजे, का आपली बुढी तोंड उघडत होती."

मी गुवाहाटीचं काम अर्ध्यावर सोडून आले.

कार्यक्रमाचं नाव होतं 'महासंगीत संध्या'. आयोजक भैयाजी नावाचा एक गृहस्थ. मैदानाच्या फाटकावर आणि स्टेजमागेही बॅनर लावलं होतं. त्यावर भैयाजीचं तोंड परातीएवढं आणि खाली गायकांची नावं मुंग्यांएवढी. स्टेजपुढे उभं राहायचा पास मागायला मी त्याच्याकडे गेले. अत्तराचा भपकारा आला आणि मागून भैयाजी.

"हाव ना म्याडम, काहून नाही!" तो म्हणाला. "पण साहेबायच्या सत्काराचे फोटो तुम्हीच काढून द्याचे. आमचा फोटोग्राफर लग्नात फसला. गाण्याचे काय, कधीबी निघते."

साहेब म्हणजे त्याचा पुढारी. मी हो म्हटलं. स्वतःचीच शिसारी आली, पण पास हवा होता.

संध्याकाळी लोक वेळेवर आले. बायका लेकरांना स्वेटर चढवून, सोबत डबे घेऊन खुर्च्यांवर बसल्या. पुढे पांढरे सोफे, सोफ्यांपुढे काजूच्या बश्या. आणि सत्कार सुरू झाले. मंडपवाल्याचा सत्कार. मंडपवाल्याच्या मेव्हण्याचा सत्कार. ज्याने सोफे दिले त्याचा सत्कार आणि तो उठून परत त्याच सोफ्यावर बसला. निवेदक प्रत्येकाला 'गोरगरिबांचे कैवारी' म्हणत होता. कैवारी काजू चघळत वर चढायचे, शाल घ्यायचे आणि खाली उतरताना टरफलं झटकावीत तशी ती खांद्यावरून काढून पोऱ्याकडे फेकायचे. मी कॅमेरा घेऊन मागे सटकले.

स्टेजच्या मागे मावशी प्लास्टिकच्या खुर्चीत गळ्याला मफलर गुंडाळून बसली होती. हातात कोमट पाण्याचा पेला. संघपाल हॅलोजनच्या दिव्यापाशी ढोलकी धरून उभा होता, थंडीने सैल झालेलं कातडं तापवत.

"गाऊ देतीन ना वं मले?" मावशीने विचारलं. दहाला पोलीस भोंगे बंद करायला लावतात, हे तिलाही माहीत होतं.

मी तणतणत भैयाजीकडे गेले. "तुळसाबाईंना आधी घ्या. त्या आजारी आहेत."

"साहेब रस्त्यातच आहे म्याडम. बाई साहेबायसमोरच गायली पाह्यजे. त्याइच्या हातानं शाल द्याची आहे तिले."

"त्यांना शाल नको आहे. त्यांना गायचं आहे."

भैयाजी हसला. "शाल कोणाले नको रायते, म्याडम?"

त्याच्या त्या हसण्यावर एक सणसणीत ठेवून द्यावी असं वाटलं. पण त्याला खरोखरच वाटत होतं की तो मावशीचं भलं करतोय. म्हणून तर जास्तच चीड आली.

शेवटी लोक डबे आवरून उठायला लागले, तेव्हा त्यांना थोपवायला भैयाजीने मावशीला वर चढवलं. दहाला थोडाच वेळ उरला होता. मी धावत पुढे गेले. मावशीने मफलर काढून संघपालच्या खांद्यावर टाकला, माईक घेतला आणि बाबासाहेबांचं गाणं सुरू केलं.

पहिली ओळ फाटली. दुसरी ओळ तिने खालच्या पट्टीत ओढून आणली. तिसऱ्या ओळीला तिला आवाज सापडला. जुना आवाज नव्हता तो. घासलेला होता, मध्येच कापत होता, पण तिचाच होता. उठलेल्या बायका परत बसल्या. मी तिचा चेहरा नजरेत धरून कॅमेरा डोळ्याला लावला.

तेवढ्यात मैदानाच्या फाटकात फटाके फुटले. साहेब आले.

सोफे रिकामे झाले. सगळे कैवारी स्टेजवर चढायला धावले. माझ्या पुढ्यात पाठीच पाठी. मी कोपराने वाट काढली, एकाच्या पायावर मुद्दाम पाय दिला. वर भैयाजी मावशीपाशी पोचला होता. "बाई, थांबा. दोन मिनिटं. फोटो घेऊ."

आता गायक थांबतो. आमच्याकडे हे ठरलेलंच आहे. गायक मधल्या ओळीवर थांबतो, हात जोडतो, शाल घेतो, फोटो होतो आणि मग गाणं कुठे होतं ते कुणालाच आठवत नाही. संघपालचा हातसुद्धा सवयीने ढोलकीवर थांबला.

मावशी थांबली नाही.

साहेब शाल उघडून उभे होते. हसू तयार होतं. ते माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघत होते. भैयाजीने माईक धरला. मावशीने सोडला नाही. भैयाजीने तो हिसकला. आजारी, सत्तरीच्या बाईच्या हातातून त्याने तो हिसकला आणि माफी मागितल्यासारखं साहेबांकडे बघून हसला. माईक गेला तरी मावशी गातच राहिली, डोळे मिटून. पहिल्या रांगेपलीकडे काही ऐकू जात नव्हतं. स्टेजवर चढलेले कैवारी तिच्या मागे मोबाइल वर धरून साहेबांना टिपत होते. साहेबांनी शाल तिच्या अंगावर टाकली आणि एक जाड पंजा तिच्या खांद्यावर दाबून ठेवला.

"म्याडम, घ्या ना फोटो!" भैयाजी माझ्यावर ओरडला.

मी घेतला. एकामागून एक घेत राहिले.

मग साहेब बोलायला लागले. ते मावशीच्या 'स्वर्गीय आवाजा'बद्दल बोलत होते आणि मावशी त्यांच्या शेजारी शेवटचं कडवं गात होती. दहाला भोंगे बंद झाले. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने लेकराला कडेवर घेत विचारलं, "झालं का गाणं?"

रविवारी दिवसभर मी कॉम्प्युटरवर तो फोटो साफ करत बसले. आधी साहेबांना कापलं. पंजा पुसला, शाल पुसली, भैयाजीची मूठ पुसली, मागचे मोबाइल आणि बॅनर काळोखात बुडवले. उरली फक्त मावशी. उघडं तोंड, मिटलेले डोळे, गळ्याच्या ताणलेल्या शिरा. माझ्या धंद्यातल्या माणसांनी वाहवा केली असती असा फोटो झाला. हात धुतल्यासारखं बरं वाटलं.

सोमवारी दुपारी मावशी दवाखान्यात भरती व्हायला निघाली होती. पिशवी भरून तयार होती. मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं.

"ही कोण होय वं?"

"मावशी, तूच ना."

"अन् भैयाजी कोठी गेला? साह्यब?"

"काढून टाकले. त्यायची घाण कायले पाह्यजे तुह्या फोटोत?"

"पह्यलचा दाखव."

मला दाखवायचा नव्हता. तिने पुन्हा म्हटलं, तेव्हा मी तो उघडला. साहेबांचे दात, खांद्यावरचा पंजा, हिसकलेला माईक धरलेली भैयाजीची मूठ, मागे मोबाइलचं जंगल. आणि मधोमध, शालीत गुंडाळलेली, तोंड उघडून गाणारी मावशी. संघपालने मान फिरवली.

"बंद कर वं अपेक्षा. त्या माणसाले पाह्यलं का अंगाची आग होते माह्या."

"होऊ दे," मावशी म्हणाली. तिने पडद्यावर बोट टेकवलं. "हा माहा फोटो. तो दुसरा नोको मले."

"पण मावशी, त्यात तू एकटी, किती..."

"एकटीले कधी गाऊ देलं वं मले? पन्नास वर्सं अशीच तर गायली मी." तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत तिने माझं मनगट धरून ठेवलं. "उद्यापासून मले तर बोलता येनार नाही. तू ह्यायले पुसून टाकलं, मंग नातवायले कोण सांगन, का बुढीले कसं गाऊ देत होते?"

साफ केलेला फोटो मी तिच्यासमोरच उडवून टाकला.