एक जानेवारीचा मेमो

मेमो हातात पडला तेव्हा संजीवनीच्या दुसऱ्या हातात विहिरीच्या पाण्याची बाटली होती. तिने बाटली आधी टेबलावर ठेवली, तिच्यावर गावाचं नाव लिहिलं आणि मगच कागद उघडला. वाचता वाचता तिची कानशिलं तापली.

‘केंद्रातील संगणकावर आक्षेपार्ह संकेतस्थळे पाहून त्यांची नोंद आपण हेतुपुरस्सर पुसत असल्याचे निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. अन्यथा एप्रिलपासूनच्या नेमणुकीचा विचार होणार नाही.’ खाली सचिवांची, म्हणजे महिपतरावांची, लांबलचक सही.

महाडातल्या एका संस्थेच्या पाणी तपासणी केंद्रात ती एकटीच केमिस्ट. पोलादपूरहून रोज एसटीने यायची. सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर तिसरं वर्ष चालू होतं. केंद्रात कॉम्प्युटर एकच. फोनची लाइन महिपतरावांच्या केबिनमध्ये, म्हणून कॉम्प्युटरही तिथेच. सकाळी त्यावर ते इंटरनेट लावून बसत, आणि दुपारी ते जेवायला घरी गेले की रिपोर्ट टाइप करायला तो हिला मिळे.

गेल्या शनिवारी दुपारी अध्यक्षांच्या पत्नी ललिताताई आपल्या विहिरीचा रिपोर्ट न्यायला आल्या. संजीवनी रिपोर्ट उघडायला गेली, तर पडद्यावर मागे उघडं राहिलेलं भलतंच चित्र उडी मारून पुढे आलं. ललिताताई रिपोर्ट न घेताच निघून गेल्या. संध्याकाळी महिपतरावांना अध्यक्षांचा फोन आला आणि सोमवारी सकाळी ब्राउझरची हिस्टरी तपासली गेली. तिच्यात एकच पान निघालं. पिण्याच्या पाण्याच्या मानकांचं, डिस्कवर साठवलेलं. ते संजीवनी रोज दुपारी उघडायची.

“तुमचं तेवढं राहतं आणि बाकीचं गायब होतं?” महिपतराव म्हणाले होते. “कॉम्प्युटरमधलं इथे कळतं कोणाला, मॅडम? मला तर साधी फाइल पुसता येत नाही.”

“सकाळी त्याच्यावर कोण बसतं, साहेब?”

“मी संस्थेचा पत्रव्यवहार बघतो. माझं वय काय, तुम्ही बोलता काय!”

आणि तासाभरात हा मेमो.

“काय लिवलंय गो?” जानकीबाईने विचारलं. झाडलोट, चहा आणि संध्याकाळी मेन स्विच खाली करणं, ही तिची कामं.

“मी घाण चित्रं बघते म्हणे.”

“तू? अगो, तू त्या बाटल्यांतून डोकं वर काढतेस तेवा ना!” जानकीबाईने केबिनच्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. “सकाळचं दार लोटून कोन बसतंय, त्ये कोनी इचारत नाय. चाय द्यायला जायची तरी मला आधी खोकायला लागतं.”

“हे तू अध्यक्षांना सांगशील?”

जानकीबाईने केरसुणी उचलली. “माझी नोकरी जाईल, पोरी.”

संजीवनीला तिचाही राग आला, आणि तो आल्याचा स्वतःचाही.

दुपारी ती कॉम्प्युटरपुढे बसली. रडून काही होणार नव्हतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे ती प्रयोगशाळेत शिकली होती. हिस्टरी किती दिवस ठेवायची, तो आकडा पाहिला. वीस. मग वीस दिवसांचं दिसायला हवं. डिस्क भरली असेल? निम्मी रिकामी. आपोआप साफसफाई करणारा एखादा प्रोग्राम? नव्हता. दोन दिवस असे गेले. चवदार तळ्यावरचा मेळावा शनिवारवर आला होता, टँकरच्या पाण्याचे नमुने येऊन पडत होते. ते तपासायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःची अब्रू.

बुधवारी खुलासा लिहायला बसली. ‘आपल्या दिनांक’ एवढं लिहून तारीख उतरवायला तिने मेमो जवळ ओढला. वर छापलं होतं: १ जानेवारी १९९८.

ती हसलीच आधी. त्या दिवशी ती पोलादपूरला बारावीत होती. मग हसू थांबलं.

मशीनमधली घड्याळाची बॅटरी कधीच संपली होती. रात्री मेन बंद झाला की सकाळी मशीन पुन्हा १ जानेवारी १९९८ वर जाऊन बसे. शॉर्टसर्किटच्या भीतीने रोज मेन बंद करायचा, हा महिपतरावांचा हुकूम. नवी बॅटरी आणावी म्हणून तिने दोनदा लेखी अर्ज दिले होते. दोन्हींवर एकच शेरा, ‘बघू’. कोणालाच त्या तारखेचं काही नव्हतं. तिला मात्र पाण्याच्या रिपोर्टवर चुकीची तारीख सहन होत नसे, म्हणून रोज दुपारी बसल्याबसल्या, काहीही उघडायच्या आधी, ती तारीख दुरुस्त करी.

तिने तारीख मागे नेली, ब्राउझरमध्ये कुठलंसं एक पान उघडलं. हिस्टरीत ते आलं. तारीख आजची केली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. पान गेलं. सहा वर्षं जुनं समजून ब्राउझरने फेकून दिलं होतं. तिने हे तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

म्हणजे पुसत होती ती तीच. सकाळभर त्या माणसाने जे काही पाहिलं, ते रोज दुपारी स्वच्छ धुऊन देत होती ती, आपल्या नीटनेटक्या हाताने. तिने खुलाशाचा कागद पुन्हा पुढे ओढला.

गुरुवारी तिने खुलासा महिपतरावांपुढे ठेवला. त्यांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली. “‘हिस्टरी माझ्या हातून पुसली जात होती, हे मला मान्य आहे.’ वा! आलात ना वळणावर?”

“पुढे वाचा.”

त्यांनी वाचलं. तिने समोर करूनही दाखवलं. पान आलं, तारीख बदलली, पान गेलं.

“तेव्हा उद्यापासून मी तारखेला हात लावणार नाही,” ती म्हणाली. “रिपोर्टवर पेनाने लिहीन. मशीनवर जे उघडलं जाईल ते सगळं राहील. आठवड्याने अध्यक्षांना बोलावू आणि बघू.”

“नको.” फारच लवकर आलं ते. महिपतरावांनी चष्मा काढला, पुसला. “म्हणजे, रिपोर्ट हा संस्थेचा चेहरा. पेनाने लिहिलेलं शोभत नाही. तुम्ही आपली रोजच्यासारखी तारीख बरोबर करत जा.”

“म्हणजे रोजच्यासारखी हिस्टरी पुसत जाऊ?”

जानकीबाई चहा घेऊन दारात उभी होती. आज ती खोकली नव्हती.

“तसं लेखी द्या, साहेब,” संजीवनी म्हणाली.

महिपतरावांनी जानकीबाईकडे पाहिलं, मग मशीनकडे. “तो मेमो आणा बघू इकडे. गैरसमजातून झालं. फाडून टाकू.”

“मेमो माझ्याकडेच राहील. तुम्ही तो मागे घेतल्याचं पत्र द्या. आणि ललिताताईंना फोन करा.”

“त्यांना काय सांगू?”

“ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.”

त्यांनी पत्र हातानेच लिहिलं. फोनवर ‘मशीनचा दोष होता, बाईंचा नव्हे’ एवढंच बोलले. एप्रिलची ऑर्डरही त्याच दिवशी सही होऊन आली. कोणी तिची माफी मागितली नाही, आणि संध्याकाळी स्टँडकडे चालताना तिच्या पावलांतला राग तसाच होता. घड्याळवाल्याच्या काचेमागे रुपयाएवढ्या बॅटऱ्या ओळीने लटकत होत्या. ती क्षणभर थांबली, आणि एसटी पकडायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनने सांगितलं, १ जानेवारी १९९८. तिने ते तसंच राहू दिलं. टँकरचा पहिला रिपोर्ट छापला आणि वर पेनाने तारीख घातली: १९ मार्च २००४. इतकी दाबून, की खालच्या कोऱ्या कागदावरही ती वाचता येत होती.