लिफ्टमधून आलेलं नववं प्रकरण

शुक्रवारी दुपारी सव्वातीनला संपादकांनी निर्णय दिला. नववं प्रकरण काढायचं, त्याच्या जागी तळटीप द्यायची. पुस्तक रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीचं होतं, शिकणाऱ्यांसाठी, आणि पुढच्या शनिवारी दुपारी बाराला ते छापखान्यात जायचं होतं. समोर चिठ्ठ्यांची पेटी घेऊन बसलेल्या बाईची चार वर्षं त्या प्रकरणात गेली होती. घरातल्या दोन सुनांपैकी ती थोरली. घरी तिला सगळे तेवढंच म्हणायचे.

थोरलीचा विषय साधा होता. क्रियाविशेषण क्रियापदाला लागतं, विशेषणाला लागतं, नामाच्या वाटेला जात नाही, असं शाळेत शिकवतात. पण इंग्रजीत घाईने बोलणारा माणूस 'ओन्ली', 'ईव्हन', 'ऑलमोस्ट' हे शब्द बेधडक नामाच्या, किंबहुना अख्ख्या नामसमूहाच्या मानगुटीवर बसवतो. 'ईव्हन द वॉचमन', म्हणजे वॉचमनसुद्धा. मराठी माणसाला यात नवल वाटत नाही. आपले 'सुद्धा' आणि 'च' दिवसभर तेच करतात. नवल वाटतं ते पाठ्यपुस्तकांना. हे चुकून घडत नाही, रोज घडतं, आणि शिकणाऱ्याला ते तळटिपेत नाही तर पूर्ण प्रकरणात सांगायला हवं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

कार्यालयाचे नियम मात्र कडक होते. डोक्यातून काढलेलं उदाहरण चालत नसे. प्रत्येक उदाहरणाची एक चिठ्ठी, तिच्यावर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचा व्यवसाय. प्रकरणाला दोनशे चिठ्ठ्या, तळटिपेला पन्नास. थोरलीकडे एकसष्ट होत्या. इथे येण्याआधी ती एकोणीस वर्षं एका लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात पर्यवेक्षक होती. तिथले जुने तक्रार-अर्ज परवानगीने वाचून तिने या चिठ्ठ्या केल्या होत्या. फोनवर लोक जे सांगत ते त्या अर्जांत उतरवलेलं असे.

"तीस हजार अर्जांत एकसष्ट," संपादक म्हणाले होते. "बाई, हा नियम नाही, अपघात आहे."

थोरलीने पेटीचं झाकण लावलं.

रविवारी जेवताना तिने ही हकीकत धाकट्या जावेला सांगितली. धाकटी त्याच तक्रार विभागात कामाला होती. तिला तिथे तयार केलं होतं थोरलीनेच. ऐकून धाकटीला हसू आवरेना. सासूबाई ताटावरून उठून आत गेल्या आहेत याची खात्री करून ती म्हणाली, "ताई, अर्जात ते शब्द येतील कुठून? तुम्हीच मला काढायला लावलेत. पहिल्या दिवशी काय म्हणालात आठवतंय? मेकॅनिकला सासू नको, मजला हवा."

थोरलीचा घास हातातच राहिला.

आठवत होतं. एका माणसाने फोन करून लिफ्टमध्ये 'ओन्ली माय मदर-इन-लॉ' आहे असं सांगितलं होतं, आणि सावकाश आलात तरी चालेल असंही. धाकटीने ते शब्दशः लिहिलं होतं. थोरलीने ते खोडून 'एक व्यक्ती, चौथा मजला' असं केलं होतं. एकोणीस वर्षं तिने हेच केलं आणि चाळीस मुलींना हेच शिकवलं. मेकॅनिकला उपयोग नसलेला प्रत्येक लहान शब्द गाळायचा. तिच्या हातून निसटले तेवढेच एकसष्ट उरले होते. नंतर चार वर्षं ती जे शोधत होती ते तिनेच आधी झाडून काढलं होतं.

आता दोन रस्ते होते. गप्प बसावं, म्हणजे तळटीप तरी पदरात पडेल. किंवा सांगावं, म्हणजे कदाचित तीही जाईल. सोमवारी साडेनऊला तिने संपादकांना सगळं सांगितलं. अर्ज म्हणजे लोकांचं बोलणं नव्हे, ते आमचं लिखाण आहे, असं स्पष्ट शब्दांत.

संपादकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे एकसष्टही गेल्या."

"गेल्या."

"तळटीपही गेली."

"हो. पण मला शनिवारपर्यंत वेळ द्या. कंपनी तीन महिन्यांचे फोन ध्वनिमुद्रित करून ठेवते. मला आवाज ऐकू द्या, कागद नको."

त्यांनी वेळ दिला, पण अटही घातली. ध्वनिमुद्रणाला दोन कानांचा नियम लागेल. प्रत्येक चिठ्ठी दोघांनी वेगवेगळी ऐकून लिहायची, दोन्ही जुळल्या तरच एक धरायची.

कंपनीच्या व्यवस्थापकांनी प्रशिक्षणाची खोली दिली. ग्राहकांची नावं आणि पत्ते लिहायचे नाहीत, या अटीवर. दुसरा कान धाकटीचा. तिने आठवडाभराची रजा टाकली आणि नवऱ्याला सांगितलं की डबे तूच भर. दोघी पाठीला पाठ लावून बसल्या, कानाला हेडफोन, पुढ्यात कोऱ्या चिठ्ठ्या. दर तासाला चिठ्ठ्या समोरासमोर ठेवायच्या.

पहिल्या तासात थोरलीच्या सात, धाकटीच्या नऊ. थोरलीने टेप मागे घेऊन ऐकली. दोन ठिकाणी तिच्या हाताने सवयीने शब्द गाळला होता. धाकटीने नुसती भुवई उडवली. ते थोरलीला शब्दांपेक्षा जास्त लागलं. दुपारनंतर थोरलीने अर्थ लावणं सोडलं आणि कानावर पडेल ते लिहायला सुरुवात केली. सोमवारअखेर एकोणतीस जुळल्या.

मंगळवारअखेर एकूण त्रेसष्ट. 'ऑलमोस्ट एव्हरी बटन' दाबून पाहिलेला दंतवैद्य, 'नॉट ईव्हन अ फॅन' म्हणून कंपनीचा उद्धार करणारी वकीलबाई, 'क्वाइट अ स्मेल' येतोय असं अदबीने कळवणारा मासेविक्रेता. बुधवारी खोली मेकॅनिकांच्या वर्गाला हवी होती, जेमतेम दोन तास मिळाले: एकूण एकाहत्तर. गुरुवारी एका चिठ्ठीवरून दोघींची जुंपली. थोरलीला 'ईव्हन' ऐकू आलं होतं. धाकटीचं म्हणणं, तिथे तो माणूस खोकला.

"तुम्हाला हवंय म्हणून ऐकू येतंय," धाकटी म्हणाली. "मी नाही सही करणार."

थोरलीने टेप पुन्हा ऐकली, चारदा. मग चिठ्ठी स्वतःच फाडली. गुरुवारअखेर एकशे सोळा. शुक्रवारच्या एका दिवसात चौऱ्याऐंशी हव्या होत्या.

शुक्रवारी सकाळी धाकटी म्हणाली की क्रमाने ऐकत बसलो तर मेलो. मागच्या महिन्यात एका मंगळवारी शहरातल्या अर्ध्या भागाची वीज गेली होती. दुपारी दोन ते पाच, एकेचाळीस लिफ्ट अडकल्या होत्या. त्या दिवशी ती स्वतः ड्यूटीवर होती आणि पाणी प्यायला उठली नव्हती. तो दिवस काढू या.

तो दिवस काढला, आणि चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. अंधारात अडकलेला माणूस व्याकरण आठवत बसत नाही. कुणाबरोबर 'नियरली द होल ऑफिस' होतं, कुणाजवळ 'जस्ट अ टॉर्च', एका इमारतीत तर लिफ्ट दुरुस्त करायला आलेलाच आत अडकून, 'ईव्हन युअर ओन मेकॅनिक' अशी स्वतःचीच तक्रार फोनवर नोंदवत होता. तो आवाज ओळखून धाकटीने हेडफोन काढून टेबलावर डोकं ठेवलं आणि पोट धरून हसली. एक वाजता एकशे साठ. साडेतीनला दोनशे. दोनशेवी चिठ्ठी जुळली तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा हेडफोन चढवले. साडेपाचला खोलीला कुलूप लागलं तेव्हा आकडा दोनशे सदतीस होता. चार वर्षांत एकसष्ट. पाच दिवसांत दोनशे सदतीस. त्या रात्री थोरलीने प्रकरणातली जुनी उदाहरणं काढून नवी घातली.

शनिवारी दहाला संपादकांनी पेटीतून डोळे मिटून वीस चिठ्ठ्या उचलल्या आणि त्यांची ध्वनिमुद्रणं मागितली. ते स्वतः हेडफोन लावून बसले. प्रत्येक चिठ्ठीशी थांबत, मागे घेत, पुन्हा ऐकत. धाकटी खिडकीशी उभी होती. थोरली खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. अकराव्या चिठ्ठीला संपादकांचे खांदे हलले; मेकॅनिकचाच फोन होता. विसावी ऐकून त्यांनी हेडफोन उतरवला. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"वीसच्या वीस," ते म्हणाले. "मी अपघात म्हणालो होतो. हा तर राजरस्ता आहे." त्यांनी अनुक्रमणिका ओढून घेतली, तळटिपेची खूण खोडली आणि नऊचा आकडा जागेवर लिहिला. त्याखाली संकलकाचं नाव घालताना त्यांनी पेन थांबवून धाकटीकडे पाहिलं. "तुमचंही सांगा. कान दोन होते."

मग त्यांनी छापखान्याला फोन लावून बदल कळवला. चौदा पानं वाढताहेत, पुढचे सगळे आकडे बदलावे लागतील, हे नक्की का, अशी तिकडून विचारणा झाली. संपादकांनी रिसीव्हर थोरलीच्या हातात दिला.

"नक्की," थोरली म्हणाली. "नववं प्रकरण आहे. गाडी पाठवा, मजकूर तयार आहे."