बबल रॅपचा सण

बारामती एमआयडीसीतल्या त्या लहानशा कारखान्यात बबल रॅप बनायचा. जानेवारीतल्या शेवटच्या सोमवारी परदेशात या फुगेवाल्या प्लास्टिकचा दिवस साजरा करतात, हे मालकांनी मोबाइलवर वाचलं आणि यंदा आपणही करायचा असं ठरवलं. मशिनी बंद, वडे-जिलेबी, घरच्यांनाही आवतन. शेडसमोर लांबलचक पट्टे अंथरले होते आणि बायामाणसं त्यावर थयथय नाचत होती. फुगे असे फुटत होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

पॅकिंगला असलेली सुप्रियाही नाचून दमली होती. नवऱ्याला सोडून सांगवीला आईकडं आल्यापासून ती एवढी हसली नव्हती.

"आणखी एक रोल आण गं," तिच्यासोबत काम करणारी भामाबाई म्हणाली, तशी ती गोदामात गेली. मागून कुणीतरी दार लावलं.

विशाल होता. तिचा नवरा. इंदापूरहून मोटारसायकलवर आला होता आणि आज फाटकावर कुणी कुणाला अडवत नव्हतं.

"चल घरी."

"न्हाय यायची. काय बोलायचं ते कोर्टात बोल."

त्यानं तिचे केस धरले आणि डोकं लोखंडी मांडणीवर आपटलं. ओठ फुटला. ती जीव खाऊन ओरडली, पण बाहेरच्या गदारोळात तो आवाज विरून गेला.

"वरड की," विशाल हसला. "कोण ऐकतंय?"

पोटात लाथ बसली. सवयीनं तिचं डोकं गुडघ्यांत गेलं. मार संपायची वाट बघायची, एवढंच तिला लग्नानंतर जमलं होतं. मग त्यानं टेबलावरचा कटर उचलला.

"तोंडच असं करतो, की कामावर जायची लाज वाटंल."

तिनं हात आडवा घातला. तळवा उभा चिरला गेला. दुसऱ्या हाताला रोल गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी लागली, जाड आणि लाकडासारखी टणक. पहिला फटका त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडलं, कटर पडला. दुसरा गुडघ्यावर बसला आणि तो कोसळला.

"सुप्रे, बास!"

हाच शब्द तिनं त्याला किती वेळा म्हटला होता. ती थांबली नाही. पाठ, खांदा, तोंड, दिसेल तिथं मारत सुटली. नळी चेपली, रक्तानं माखली, तरी हात चालूच होता.

रोल आला नाही म्हणून बघायला आलेल्या भामाबाईनं मागून तिला कवळ घातली.

"मरंल त्यो."

"मरू दे."

"त्यो मरंल आन तू आत जाशील. टाक ती."

सुप्रियानं नळी टाकली आणि मटकन खाली बसली.

दवाखान्यात तळव्याला टाके घातल्यावर पोलीसबाई जबाब घ्यायला आल्या. पलीकडच्या खाटेवर विशाल कण्हत होता, त्याचा जबडा बांधलेला होता.

"सोताला वाचवताना चार फटके बसले, असंच ना ताई?" त्यांनी हळूच वाट काढून दिली.

"पयले दोन तसे," सुप्रिया म्हणाली. "बाकीचे मी मारले."

पोलीसबाईंनी ते तसंच लिहून घेतलं. गुन्हा दोघांवरही दाखल झाला. विशाल पुन्हा सांगवीकडं फिरकला नाही. मारताना आपल्याला बरं वाटलं होतं, हे मात्र सुप्रियानं भामाबाईलाही सांगितलं नाही. विशालपेक्षा तिला आता त्या बरं वाटण्याचीच जास्त भीती वाटायची.